कुलूप नसलेली पेटी

‘कॅश’ हा शब्द व्यापाऱ्याच्या कानाला एकाच अर्थाने परिचित असतो. गल्ल्यातली रोकड. संध्याकाळी ती मोजायची, रोजमेळात मांडायची आणि शिल्लक जुळल्याखेरीज दुकानाचे शटर खाली ओढायचे नाही. त्यामुळे अमेरिकेतील ओरेगन राज्यात, हिल्सबरो या गावी मुलाकडे सहा महिन्यांच्या मुक्कामाला गेलेल्या सांगलीच्या अण्णांना नऊ वर्षांच्या नातवाने पहिल्याच आठवड्यात ‘आजोबा, रविवारी आपण जंगलात कॅश शोधायला जाऊ’ असे सांगितले, तेव्हा कोणाचे तरी पैसे हरवले असावेत असाच त्यांचा समज झाला.

‘कुणाची?’ हा त्यांचा पहिला प्रश्न.

‘कुणाचीच नाही,’ हे उत्तर.

चाळीस वर्षे हळदीची अडत सांभाळलेल्या माणसाचे अशा उत्तराने समाधान होणे शक्य नव्हते. ज्या मालाला धनी नाही तो माल एक तर चोरीचा, नाही तर सरकारजमा. तिसरा प्रकार त्यांनी पाहिलेला नव्हता.

परदेशी मुलांकडे जाऊन राहिलेल्या आपल्या समाजातील ज्येष्ठांना या मुक्कामाची चव ठाऊक आहे. मुलगा संगणकाच्या चिपा बनविणाऱ्या कारखान्यात, सूनही नोकरीत, नातू शाळेत. घरातील स्त्रीला निदान स्वयंपाकघर तरी आपले वाटते. अण्णांसारख्या माणसाला, ज्याला सकाळी नऊ वाजता मार्केट यार्डात शंभर नमस्कार मिळत, त्याला तिथे एक खिडकी आणि एक आरामखुर्ची मिळते. नातवाला मराठी समजते, पण तो उत्तर इंग्रजीत देतो. दोघांमध्ये प्रेम असते, विषय नसतो. त्या कुटुंबाला हा विषय एका छंदाने दिला. त्या छंदाचे नाव ‘जिओकॅशिंग’.

यातील ‘कॅश’ म्हणजे रोकड नव्हे. हा शब्द फ्रेंच भाषेतून आला. लपविणे या अर्थाच्या क्रियापदापासून तो बनला, आणि उत्तर अमेरिकेतील कातड्यांचा व्यापार करणारे शिकारी प्रवासात पुढे लागणारी शिधासामग्री वाटेत दडवून ठेवीत, त्या साठ्याला तो लावला जाई. मुलाने हा अर्थ सांगितल्यावर मात्र अण्णांचा चेहरा उजळला. ‘म्हणजे पेव की!’ ते उद्गारले. सांगलीजवळच्या हरिपूरची पेवे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे साम्य लगेच पटेल. तोंड अरुंद, पोट प्रशस्त, आत हळद भरायची आणि वरून मातीने बंद करून टाकायचे. वरून पाहणाऱ्याला नुसती जमीन दिसावी, आणि खाली लाखो रुपयांचा माल निर्धास्त असावा. २००५ च्या महापुराने त्या पेवांत पाणी शिरून मोठे नुकसान झाले. अण्णांच्या पेढीलाही तो फटका बसला होता. ओरेगनमधल्या छंदाची ओळख त्यांना अशी हरिपूरमार्गे झाली.

या छंदाचा जन्मही त्याच परिसरातला. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे अमेरिकेचे उपग्रह सतत संदेश पाठवीत असतात, आणि निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की हातातले यंत्र आपण नेमके कुठे उभे आहोत ते सांगते. ही जीपीएस यंत्रणा मुळात लष्करी. १९८३ मध्ये वाट चुकलेले कोरियाचे प्रवासी विमान सोव्हिएत युनियनने पाडले आणि २६९ जीव गेले. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांनी ती नागरी वापराला खुली करण्याचे जाहीर केले. परंतु नागरिकांना मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम चूक मिसळली जाई, आणि ती शंभर मीटरपर्यंत असू शके. अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने २००० सालच्या १ मेच्या मध्यरात्री ही मिसळ बंद झाली. एका रात्रीत साऱ्या जगातील यंत्रे सुमारे दहापट अचूक झाली.

त्यानंतर दोनच दिवसांनी, ३ मे रोजी, डेव्ह अल्मर या संगणक-सल्लागाराने पोर्टलंडजवळच्या बीव्हरक्रीक येथील रानात एक काळी बादली ठेवली. बादलीत पुस्तके, संगणकाच्या आज्ञावली, चित्रफिती, थोडे पैसे, एक गलोल आणि शिजवलेल्या घेवड्याचा एक डबा होता. सोबत वही आणि पेन्सिल. मग त्याने इंटरनेटवरील उपग्रहप्रेमींच्या चर्चागटात ठिकाण कळवले: उत्तर अक्षांश ४५ अंश १७.४६० मिनिटे, पश्चिम रेखांश १२२ अंश २४.८०० मिनिटे. नियम एकच. काही घ्या, काही ठेवा. तीन दिवसांत दोघांनी ती बादली शोधून काढली. महिनाअखेरीस मॅट स्टम याने ‘जिओकॅशिंग’ हे नाव सुचविले आणि २ सप्टेंबर २००० रोजी जेरेमी आयरिश या तरुणाने सगळ्या पेट्यांची नोंद ठेवणारे संकेतस्थळ सुरू केले. त्या दिवशी जगभरात मिळून ७५ पेट्या होत्या. आज ही संख्या तीस लाखांच्या पुढे गेली असून १९० हून अधिक देशांत त्या पसरल्या आहेत. आपल्या मुंबई-पुण्याकडेही त्या आहेत, पण विरळ.

ही माहिती झाली. अण्णांना छंद लागला तो मात्र त्या पहिल्या रविवारच्या पावसात.

मे महिन्यातला ओरेगनचा पाऊस कोकणातल्यासारखा कोसळत नाही. तो नुसता झिमझिमत राहतो आणि दिवसभर थांबत नाही. गावाबाहेरच्या रानात शिरताना सुनेने सर्वांना एका तीन पानांच्या झुडपाची ओळख करून दिली आणि त्याला हात लावू नका म्हणून बजावले. त्याला तिकडे पॉयझन ओक म्हणतात. आपल्याकडे बिब्बा उततो तसे ते अंगावर उतते, आणि दोन्ही वनस्पती एकाच कुळातल्या, आंब्याच्या. नातू फोन धरून पुढे चालला होता. अंतर कमी कमी होत सहा मीटरवर आले आणि बाण भोवऱ्यासारखा फिरू लागला. दाट ओल्या झाडीखाली यंत्राची अक्कल संपते. अक्षांशातील मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे जमिनीवर जेमतेम पावणेदोन-दोन मीटर. एवढा बारीक हिशेब यंत्र कागदावर देते, पण शेवटची चार पावले माणसाने स्वतःच टाकायची असतात. जाणकार इथे फोन खिशात ठेवून झाडाझुडपांकडे पाहू लागतात.

अडलेल्यांसाठी एक सूचना दिलेली असते, तीही सांकेतिक लिपीत. इंग्रजी वर्णमालेतील प्रत्येक अक्षराऐवजी तेरा घरे पुढचे अक्षर. नातवाला वाटले, आजोबांना हे समजावून सांगावे लागेल. आजोबा हसले. जुन्या कापडदुकानांत प्रत्येक तागावरच्या चिठ्ठीला खरेदीची किंमत अशाच अक्षरांत लिहिलेली असे; गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर असूनही त्याला ती वाचता येत नसे. अण्णांच्या मामांच्या दुकानात दहा अक्षरांचा एक शब्द ठरलेला होता आणि तो घरातल्या मुलांनाही ठाऊक नव्हता. हे ऐकल्यावर नातवाने आजोबांकडे प्रथमच जरा आदराने पाहिले असावे.

सूचना निघाली ती ‘मुळाशी’ एवढीच. त्या रानात मुळांना तोटा नव्हता. तिघांनी पाऊण तास शोधले. अक्का एका पडलेल्या ओंडक्यावर छत्री धरून बसल्या होत्या. या प्रकाराविषयीचे त्यांचे मत त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होते. अखेर त्याच कंटाळून म्हणाल्या, ‘त्या तिथं सालपटं बघा कशी रचल्यात. झाडाची सालपटं एवढी नीट एकावर एक कोण पडू देतं?’ त्या सालपटांखालीच पेटी होती. घरात कोणती वस्तू कोणी हलवली हे ज्यांना नजरेनेच कळते, त्यांना अशा शोधात यंत्राची गरज लागत नाही. या छंदात मुरलेले लोकही हेच सांगतात: निसर्गात जे फार व्यवस्थित दिसते, तिथे बघा.

ती लष्करी दारूगोळ्याची जुनी लोखंडी पेटी होती. झाकणाला रबराची पट्टी, त्यामुळे आत थेंबभर पाणी नाही. कडी होती, कुलूप नव्हते. आत काही गोट्या, एक किल्ल्यांची साखळी, एक छोटी शिट्टी, लाकडाचा एक बदक, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत वही व पेन्सिल. नातवाला साखळी हवी होती. नियम असा की घ्याल त्याच्या मोलाची, शक्य तर अधिक मोलाची वस्तू ठेवायची. त्याने आजोबांकडून दहा रुपयांचे नाणे मागून घेतले आणि पेटीत टाकले. अण्णांनी तेथेच हरकत घेतली. साखळी निदान दोन डॉलरची, नाणे दहा रुपयांचे. सौदा सरळसरळ तोट्याचा होता, आणि तोटा दुसऱ्याच्या माथी. नातू म्हणाला, ‘पण आजोबा, इथे असं नाणं कुणाकडेच नाही. मग ते जास्त महाग ना?’ माल जिथे पिकतो तिथे त्याचा भाव वेगळा आणि जिथे मिळत नाही तिथे वेगळा, या एकाच सत्यावर अण्णांच्या तीन पिढ्यांनी संसार केला होता. त्यांना बोलायला जागा उरली नाही. तरीही घरी परतताना त्यांनी मुलाला विचारलेच, ‘बाजारभावानं बरोबर आहे का रे हे?’ महिन्याभराने कोणी एकाने नोंद लिहिली की आपल्या मुलीने भारतीय नाणे घेतले आणि त्याबदली निळ्या दगडाचे पदक ठेवले. तेव्हा कुठे त्यांनी ते प्रकरण मिटल्याचे मानले.

वही मात्र त्यांनी त्याच दिवशी पहिल्या पानापासून वाचली. पावसात उभे राहून, चष्मा पुसत पुसत. दिनांक, टोपणनाव, एखादी ओळ. कोणी लिहिले होते, मुलाला पहिल्यांदाच सापडली. कोणी लिहिले होते, गुडघे दुखतात पण आलो. एका पानावर नुसता चिखलाचा अंगठा होता. वहीत खाडाखोड नव्हती, पान फाडलेले नव्हते. या वहीचा हिशेबनीस कोण, हे त्यांनी विचारले. उत्तर असे की पेटी ठेवणारा एक जण असतो आणि देखभाल त्याच्याकडे असते. पण तो तिथे राखणीला बसत नाही. येणारा प्रत्येक अनोळखी माणूस आपली नोंद आपण करतो आणि पेटी होती तशी, होती तिथे ठेवून जातो. अण्णांनी पेन्सिल घेतली. नातवाने त्यांच्यासाठी ‘हळकुंड’ हे टोपणनाव आधीच नोंदवून टाकले होते. अण्णांनी ते मराठीत, वळणदार अक्षरात लिहिले आणि सवयीने खाली एक रेघ मारली.

त्यानंतर रविवार कधी रिकामा गेला नाही. बीव्हरक्रीकला जाऊन त्यांनी पहिल्या बादलीच्या जागी बसवलेले स्मृतिफलक पाहिले. त्या बादलीतला घेवड्याचा डबा गंजलेल्या स्थितीत पुन्हा सापडला आणि आता तो मेळाव्यांतून मिरवतो, हे ऐकून अक्कांनी कपाळावर हात मारून घेतला. अशा मेळाव्यांनाही हे कुटुंब गेले. उद्यानातल्या एखाद्या मंडपात तीस-चाळीस माणसे जमतात. निवृत्त शिक्षक, परिचारिका, ट्रकचालक, शाळकरी पोरे. एकमेकांची खरी नावे पुष्कळांना ठाऊक नसतात, टोपणनावानेच हाक मारतात. ‘हळकुंड’ म्हणजे काय, हे अण्णांनी मुलाच्या मदतीने सगळ्यांना समजावले. काही मेळाव्यांत सर्वांनी पिशव्या घेऊन परिसरातला कचरा गोळा करायचा असतो. ही प्रथा २००२ पासून चालू आहे. पेट्यांतून क्रमांक कोरलेले बिल्लेही फिरत असतात. ते कोणी ठेवून घ्यायचे नसतात, एका पेटीतून दुसऱ्या पेटीत पोहोचवायचे असतात. हुंडीसारखे हातोहात ते देशांतरे करतात. २०२१ मध्ये मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स या गाडीवरसुद्धा असा एक क्रमांक आहे, तो मात्र परत कधी येणार नाही.

या सगळ्यात दोष नाहीत असे नाही. पेट्यांतल्या वस्तू उतरत्या भाजणीने बिघडत जातात. चांगली वस्तू उचलली जाते आणि तिच्या जागी मोडके चाक येते. नियम सर्वांना ठाऊक असूनही हे घडते, यात नवल वाटण्याजोगे काही नाही. शहरात संशयास्पद डबा म्हणून पोलीस बोलावले गेले आहेत. इंग्लंडमधील वेदरबी येथे २०११ मध्ये लष्कराच्या बॉम्बपथकाने असाच एक निरुपद्रवी डबा उडवून दिला. पायवाट सोडून तुडवातुडव करणाऱ्यांनी रोपटी मारली आहेत, दगड उलटे टाकून त्याखालचे जीव उघड्यावर आणले आहेत. म्हणूनच उचललेला दगड पुन्हा जसाच्या तसा, हलक्या हाताने ठेवावा असा संकेत आहे. हा संकेत त्या घरातील दोघा वडीलधाऱ्यांना कोणी शिकवावा लागला नाही.

सर्वांत गमतीचा दोष आकड्यांचा. नेव्हाडाच्या वाळवंटातून जाणाऱ्या एका रस्त्याकडेला छायाचित्राच्या रिळाच्या हजाराहून अधिक डब्या ओळीने ठेवण्यात आल्या होत्या, केवळ एका दिवसात शेकड्यांनी मोजता याव्यात म्हणून. तेवढाही वेळ काहींना पुरेना. त्यांनी युक्ती काढली. पहिली डबी उचलायची, पुढच्या ठिकाणी जाईपर्यंत गाडीतच वहीवर शिक्का मारायचा, तिथे ही ठेवून तिथली उचलायची. बँकेच्या वतीने गोदाम-तपासणीला गेलेल्या कोणालाही ही चाल नवी वाटणार नाही. पुढच्या दाराने तपासनीस, मागच्या दाराने पोती. तीच पोती दुसऱ्या गोदामात पुन्हा मोजायची. कर्जासाठी लोक असे करतात हे समजू शकते. ज्यात एक पैशाचाही लाभ नाही, तिथेही माणूस खोटा स्टॉक दाखवतो, हे अण्णांना फार मौजेचे वाटले आणि कित्येक दिवस ते जेवताना त्याची आठवण काढून हसत.

परतीला दोन महिने उरले तेव्हा नातवाने ठरवले की आता आपली स्वतःची पेटी ठेवायची. अण्णांनी साहजिकच पेवाची कल्पना मांडली; पण खड्डा खणायला बंदी आहे. अक्कांनी सांगलीहून भडंग भरून आणलेला डबा पुढे केला. नातवाने तो हुंगून परत दिला, कारण खाण्याचा वास राहिला तर रानातले प्राणी येऊन डबा फोडतात. शेवटी जुनी लोखंडी पेटीच आणली. जागा गावच्या उद्यानातली. उद्यानखात्याची परवानगी काढली. दुसऱ्या कोणत्याही पेटीपासून निदान १६१ मीटर अंतर हवे, ते मोजले. हे सारे एक स्वयंसेवक तपासतो आणि मगच पेटी नोंदीवर येते. त्यात एक अट अशी की देखभालीला जाता येईल एवढ्या अंतरावरच पेटी ठेवावी. प्रवासी पाहुण्याने ठेवून निघून जाऊ नये. अण्णांना ती अट रास्त वाटली आणि थोडी लागलीही. पेटी म्हणून नातवाच्या नावावर झाली. आत अक्कांनी एक लाकडी भोवरा ठेवला, जाळीसकट. वहीच्या पहिल्या पानावर अण्णांनी स्वस्तिक काढून तिथी घातली.

ऑक्टोबरअखेर दोघे सांगलीला परतले. निघताना नातू रडला नाही. त्याने फक्त सांगितले की नोंद आली की मी लगेच पाठवीन. हिल्सबरोचा रविवार संपतो तेव्हा सांगलीत सोमवारची दुपार झालेली असते. सोमवारी दुकानात बसल्या बसल्या फोन वाजू लागला. कोणी भोवरा नेला आणि तो फिरवायला शिकवणारे घरात कोणी नाही असे लिहिले. त्यावर अण्णांनी भोवरा फिरवताना स्वतःचे चित्रण करून पाठवले. मार्केट यार्डातल्या हमालांनी भोवती कोंडाळे करून ते पाहिले. नातवाच्या निरोपांत हळूहळू मराठी वाक्ये येऊ लागली. चुका पुष्कळ असत. अण्णा त्या दुरुस्त करीत नसत.

फेब्रुवारीत एक नोंद आली की पेटीत पाणी शिरले आहे, वही भिजली आहे. अण्णांना त्या रात्री झोप लागली नाही. महापुरातल्या पेवांची आठवण झाली असेल, नसेल. त्यांनी मुलाला फोन करून झाकणाच्या रबराला काय लावावे याचे तीन उपाय सांगितले. पुढच्या रविवारी बाप-लेक पावसात जाऊन रबर बदलून आले, वही घरी आणून हीटरजवळ पान-पान सुकवली आणि पेटीत नवी वही ठेवली.

सुकवलेली वही दिवाळीच्या आधी, ओळखीतल्या एका कुटुंबाबरोबर सांगलीला पोहोचली. पाने फुगली होती, शाई काही ठिकाणी पसरली होती. पण तेवढ्याही पानांत शंभरावर सह्या होत्या, आणि एकही ओळखीची नव्हती. वहीपूजनाच्या दिवशी नव्या वह्यांच्या शेजारी अण्णांनी ती मांडली. दुकानातील वृद्ध दिवाणजींनी ती उलटसुलट करून पाहिली आणि ही कुठल्या पेढीची म्हणून विचारले.

‘आपल्याच शाखेची,’ अण्णा म्हणाले, आणि तिला कुंकू लावले.